करवत, चिखल आणि नाताळचं झाड

थँक्सगिव्हिंगच्या सणाचा नोव्हेंबरमधला गुरुवार उलटला की अमेरिकेत शनिवार-रविवारी हे दृश्य हमखास दिसतं. नाताळच्या झाडांच्या शेताच्या तोंडाशी गाड्यांची रांग, फाटकाजवळ टांगलेल्या करवती. पोरं ‘हे नको, ते’ करत झाडांच्या ओळींतून तासभर हिंडवतात. शेवटी बाबा ओल्या जमिनीवर आडवे होतात आणि खालच्या फांद्यांत डोकं खुपसतात. पातं अडकू नये म्हणून आईने झाड पलीकडे रेटून धरायचं. पाचेक मिनिटांत झाड खाली, मग जाळीत गुंडाळून गाडीच्या टपावर. बघणाऱ्याला वाटावं, ही रीत शेकडो वर्षांची आहे. पण झाड घरात आणणं जुनं. सहकुटुंब शेतावर जाऊन ते तोडणं ही मोटारगाडीनंतरची गोष्ट.

झाडाची कुळकथा आल्सासपर्यंत मागे जाते. आज हा भाग फ्रान्समध्ये आहे, तेव्हा तो जर्मन बोलणाऱ्यांचा मुलूख होता. तिथल्या सेलेस्टा गावाच्या १५२१ सालच्या जमाखर्चात ४ शिलिंगांचा एक खर्च टाकलेला आहे: नाताळच्या दिवसांत झाडांवर पहारा ठेवल्याबद्दल वनरक्षकांना दिलेले पैसे. लोक झाडं तोडून नेत असणार, म्हणूनच पहारा. पुढे स्ट्रासबर्गच्या १६०५ च्या वर्णनात कागदी गुलाब, सफरचंदं आणि साखरेच्या मिठाईने सजवलेली झाडं भेटतात. इंग्लंडात ही हौस घरोघर पोचवली ती १८४८ साली छापलेल्या राणी व्हिक्टोरियाच्या कुटुंबाच्या चित्राने. दोन वर्षांनी एका अमेरिकन मासिकाने तेच चित्र छापलं, फक्त राणीचा मुकुट आणि तिच्या नवऱ्याच्या, अल्बर्टच्या, मिशा पुसून. राजघराण्याचं झाड असं एका फटक्यात मध्यमवर्गाचं झालं.

अमेरिकेच्या शहरांत मात्र झाड माणसाकडे यायचं. १८५१ मध्ये मार्क कार नावाच्या माणसाने कॅट्स्किलच्या डोंगरातून बैलांच्या दोन घसरगाड्या भरून झाडं न्यूयॉर्कच्या बाजारात आणली आणि तिथे जागा भाड्याने घेऊन विकली. शिकागोकरांसाठी ती बोटीने यायची. कॅप्टन हर्मन श्यूनमन क्लार्क स्ट्रीटच्या पुलापाशी ‘रूझ सिमन्स’ ही शिडांची बोट लावायचा आणि गिऱ्हाइकं बोटीवरूनच झाड घ्यायची. नोव्हेंबर १९१२ मध्ये मिशिगन सरोवरातल्या वादळात ही बोट माणसांसकट बुडाली. १९७१ साली पाणबुड्याला ती सापडली, तेव्हा तिच्या पोटात झाडं तशीच रचलेली होती. कॅप्टन गेल्यावरही त्याच्या बायकोने आणि मुलींनी हा धंदा पुढे चालवला.

ही सगळी झाडं जंगलातली. त्यामुळे ‘नाताळापायी डोंगर बोडके होताहेत’ अशी ओरड होऊ लागली होती. १९०१ मध्ये न्यू जर्सीत, ट्रेंटनजवळ, मॅकगॅलियार्ड नावाच्या शेतकऱ्याने नॉर्वे स्प्रूस या सूचिपर्णी झाडाची २५,००० रोपं लावली. नाताळच्या झाडांची ही पहिली शेती मानली जाते. (न्यू जर्सीतल्याच एडिसन गावच्या मराठी घरांतून गाडीने तासाभराचंही अंतर नाही.) तरी जंगलातली तोड लगेच थांबली नाही, दुसऱ्या महायुद्धानंतरही बराच माल तिथूनच यायचा. मग उपनगरं वाढली, दारात गाडी आली आणि शेतकऱ्याच्या लक्षात आलं की गिऱ्हाईकच शेतावर आलं तर तोडणी, बांधणी, वाहतूक सगळं वाचतं. शिवाय तोडून ठेवलेला माल २५ डिसेंबरनंतर कवडीमोल. उभं झाड पुढच्या वर्षी विकता येतं, आणखी फूटभर उंच होऊन. थोडक्यात, आपण ज्याला सहल म्हणतो ती शेतकऱ्याच्या दृष्टीने फुकटची मजुरी आहे, आणि वर गिऱ्हाईक सफरचंदाच्या गरम रसाचे, म्हणजे सायडरचे, पैसेही देऊन जातं!

पीक म्हणून पाहिलं तर हे भलतंच सावकाश. सहा-सात फूट उंचीला सात ते दहा वर्षं लागतात आणि तो आखीव शंकू निसर्गाने दिलेला नसतो. दर उन्हाळ्यात लांब पात्याच्या सुऱ्यांनी छाटून तो घडवावा लागतो. नॉर्थ कॅरोलिनाच्या डोंगरातली फ्रेझर फर ही जात तोडल्यावरही सुया (सुईसारखी पानं) लवकर गाळत नाही, म्हणून तिला भाव. आपल्याकडे वसईत सुरूची फांदी आणून भागवतात आणि नर्सरीत ‘ख्रिसमस ट्री’ मागितलं तर कुंडीतलं अरोकेरिया हातात पडतं.

जंगलात जाऊन तोडायची सोय अजून आहे. अमेरिकेचं वनखातं थोडक्या डॉलरांत परवाना देतं, कारण दाटीतली लहान झाडं निघाली तर उरलेल्यांना ऊन मिळतं. बुंधा जमिनीलगत कापायचा, परवान्याची चिठ्ठी झाडाला बांधायची. चौथीतल्या मुलांना राष्ट्रीय उद्यानांचा फुकट पास मिळतो; तो दाखवला की झाडाचा एक परवानाही फुकट.