सोन्याच्या शोधातील प्रारंभिक वेधन-गाभ्यांचे वाचन

हिरेजडित बिटाने भूगर्भात वेध (खोल छिद्र) घेऊन काढलेल्या खडकाच्या दंडगोलाकार तुकड्यांना गाभा किंवा कोअर म्हणतात. सुवर्णशोधात पहिल्या काही वेधांतील गाभ्यांवरून शिरेची (खडकातील सोनेधारी पट्ट्याची) जागा, जाडी, सलगता आणि कस (खडकातील सोन्याचे प्रमाण) यांविषयी प्राथमिक अनुमान केले जाते.

ठाणे व नवी मुंबईत मेट्रोचे खांब, खाडीपूल आणि बोगदे यांसाठी घेतलेल्या बोअरमुळे कोअरच्या पेट्या अनेकांच्या पाहण्यात असतात. तिथे सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या काळ्या कातळाची बळकटी जोखायची असते, म्हणून अभियंता १० सेंमी किंवा अधिक लांबीच्या अखंड तुकड्यांचे प्रमाण मोजतो. सोन्याचा गाभा वेगळ्या दृष्टीने वाचावा लागतो. कर्नाटकातील कोलार व हट्टीच्या सोनेधारी शिरा अडीचशे कोटी वर्षांहून जुन्या खडकांत आहेत, आणि अशा शिरांतला भंगलेला, हाती कमी लागलेला भागच कधी कधी सर्वांत मोलाचा असतो.

निष्कर्ष प्रति टन ग्रॅममध्ये देतात. ‘२० मीटर, सरासरी ५ ग्रॅम’ हा आकडा भरघोस वाटतो. परंतु त्यातील एकाच मीटरमध्ये ९६ ग्रॅम आणि उरलेल्या १९ मीटरमध्ये जेमतेम ०.२ ग्रॅम सोने असले, तरी सरासरी तेवढीच येते. म्हणून प्रत्येक तुकड्याचा स्वतंत्र कस पाहिल्याविना सरासरीवर विसंबणे मुळीच योग्य नव्हे. शिवाय वेधातील लांबी म्हणजे शिरेची खरी जाडी नव्हे: वेध शिरेच्या प्रतलाशी ३० अंशांचा कोन करत असेल, तर खरी जाडी निम्मीच भरते. सोने कणाकणांनी विखुरलेले असल्यामुळे एकाच गाभ्याच्या दोन अर्ध्या भागांतही कस बराच वेगळा निघू शकतो. त्यामुळे एका वेधातील उच्च कसाला खरा अर्थ येतो तो शेजारच्या वेधांत तीच शीर पुन्हा सापडल्यावर.

नमुन्यांची शुचिता हा याचा पायाच आहे. गाभा उभा चिरून अर्धा भाग फेरतपासणीसाठी जपतात आणि प्रयोगशाळेकडे जाणाऱ्या नमुन्यांत ज्ञात कसाचे व सोने नसलेले नमुनेही मिसळतात. इंडोनेशियातील बुसांग येथे ब्रे-एक्स या कॅनडाच्या कंपनीच्या कामात गाभा जवळजवळ सगळाच दळला जात असे आणि दळलेल्या नमुन्यांत बाहेरून सोने मिसळले गेले होते. जुन्या वेधांशेजारी घेतलेल्या स्वतंत्र वेधांत नगण्य सोने आढळल्यावर १९९७ मध्ये हा प्रकार उघड झाला.