लूत, औषध आणि दुसरा डोस

तांबडीच्या कानाची कड डॉक्टरांनी दोन बोटांत धरून हलकेच चोळली आणि तिचा मागचा पाय आपोआप हवेत खाजवू लागला. कुत्र्याला खरजेचा किडा लागला असेल तर बहुतेक वेळा असं होतं. एवढ्यावर निदान पक्कं होत नाही, पण संशयाला बळ मिळतं. नवी मुंबईत ऐरोलीतल्या आमच्या रिक्षा स्टँडवर राहणारी ही कुत्री दोन महिन्यांत ओळखू येईनाशी झाली होती. कानांवर राखेसारख्या खपल्या होत्या, कोपरं सोललेली होती, पोटाखालचे केस गेले होते, कातडी जाड आणि काळपट झाली होती. कुणी म्हणत होतं पिसाळली, कुणी म्हणत होतं आता जगायची नाही. दोन्ही खोटं होतं. लुतीचा आणि पिसाळण्याचा काहीही संबंध नाही. (कोणताही कुत्रा चावला किंवा त्याने ओरखडलं तर जखम साबण-पाण्याने धुऊन रेबीजची लस घ्यायचीच, हा वेगळा मुद्दा.)

आपण सरसकट ‘लूत’ म्हणतो, पण त्या एका शब्दात दोन वेगळे रोग आहेत. दोन्ही माइटमुळे होतात. माइट म्हणजे गोचिडीच्या गोतावळ्यातला आठ पायांचा जीव, अर्ध्या मिलिमीटरहूनही लहान. पहिला सार्कोप्टिस, म्हणजेच खरजेचा किडा. याची मादी कातडीत बोगदा खणत जाते आणि मागे अंडी घालत जाते. आग होते, खाज थांबत नाही, झोप उडते आणि कुत्रं स्वतःलाच फाडतं. हा एका कुत्र्याकडून दुसऱ्याकडे झपाट्याने जातो. माणसाच्या हाताला-पोटालाही थोडे दिवस खाज सुटू शकते, पण कुत्र्यावरचा हा किडा माणसाच्या अंगावर फार काळ टिकत नाही. दुसरा डेमोडेक्स. तो केसांच्या मुळाशी राहतो आणि पिल्लाला तो जन्मानंतरच्या पहिल्या काही दिवसांत, दूध पिताना, आईकडून मिळतो. थोड्या संख्येने तो बहुतेक कुत्र्यांच्या अंगावर असतोच. उपासमार, आजारपण किंवा दुबळी प्रतिकारशक्ती असेल तेव्हाच तो बळावतो, आणि एका मोठ्या कुत्र्याकडून दुसऱ्याला लागत नाही. म्हणून ‘लूत भरलेलं कुत्रं जवळ आलं की आपल्याला होणार’ ही भीती निम्म्या वेळा निराधार असते. शिवाय केस गेलेलं प्रत्येक कुत्रं लुतीचंच असतं असंही नाही. पिसवांची ॲलर्जी, बुरशी, गजकर्ण यांनीही केस जातात. कातडी खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्याशिवाय छातीठोकपणे सांगता येत नाही, आणि सार्कोप्टिस तर कधीकधी खरवडूनही सापडत नाही.

या किड्याचा आणि माणसाचा संबंध जुना आहे. खरजेचा माइट मुळात माणसाचा असावा आणि माणसाकडूनच तो पाळीव जनावरांकडे गेला असावा, असा काही संशोधकांचा कयास आहे. तो खरा असेल, तर ज्या रोगासाठी आपण कुत्र्याला दगड मारतो तो रोग त्याला आपणच दिला आहे.

चरकसंहितेत ‘पामा’ या नावाने खाजेचा विकार क्षुद्रकुष्ठांमध्ये, म्हणजे त्वचेच्या किरकोळ रोगांमध्ये, मोजला आहे. गंधक हा त्यावरचा जुना उपाय. कोकणपट्टीत करंजाचं तेलही खरजेला लावत आले आहेत. किडा मात्र कुणी दाखवलेला नव्हता. १६८७मध्ये इटलीतल्या लिव्होर्नोमध्ये जिओव्हानी कोसिमो बोनोमो या वैद्याने औषधविक्रेता चेस्तोनी याच्या साथीने खरजेच्या पुळीतला किडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला आणि रोगाचं कारण हाच जीव आहे असं पत्र लिहून कळवलं. त्या काळात रोग म्हणजे शरीरातल्या दोषांचा बिघाड मानत, त्यामुळे ते पत्र मागे पडलं. जवळजवळ दीडशे वर्षांनी, १८३४मध्ये, पॅरिसमध्ये रेनुच्ची नावाच्या कॉर्सिकन विद्यार्थ्याने सुईच्या टोकावर तो किडा काढून सर्वांसमोर धरला आणि वाद मिटला.

त्याच १८३४ साली मुंबईत भुलेश्वरला पांजरापोळ सुरू झाली. या दोन घटनांचा एकमेकींशी काही संबंध नाही, पण मला त्या शेजारी ठेवाव्याशा वाटतात. पांजरापोळीचं मूळ भटक्या कुत्र्यांत आहे. १८१३च्या नियमाने मुंबईत उन्हाळ्याच्या महिन्यांत बेवारस कुत्री मारायला परवानगी होती. १८३२मध्ये ती मुदत जूनपर्यंत वाढवली गेली आणि दर कुत्र्यामागे आठ आणे मिळू लागले. आठ आण्यांसाठी लोकांच्या दारातली, आवारातली कुत्रीही उचलली जाऊ लागली. ६ जून १८३२ला फोर्टमध्ये पारशी रस्त्यावर उतरले. त्यांच्या धर्मात कुत्र्याला मोठं स्थान आहे. वेंदिदाद या त्यांच्या धर्मग्रंथाचा तेरावा अध्याय कुत्र्यांवरच आहे आणि कुत्र्याला वाईट अन्न देणाऱ्याला त्यात शिक्षा सांगितली आहे. दुसऱ्या दिवशी दुकानं बंद राहिली, त्यात हिंदू आणि जैनही होते. दोन वर्षांनी जमशेटजी जीजीभॉय आणि अमीचंद शहा यांनी पांजरापोळ उभी केली. तिथे कुत्र्यांना आसरा मिळाला. औषध मात्र फारसं नव्हतं, कारण तोवर कुणाकडेच फारसं नव्हतं.

पुढे १८७४मध्ये प्राण्यांवरील क्रौर्य रोखणारी संस्था मुंबईत स्थापन झाली, १८८३मध्ये दिनशॉ माणेकजी पेटिट यांच्या देणगीतून परळचं बाई साकरबाई रुग्णालय आणि १८८६मध्ये पशुवैद्यक महाविद्यालय आलं. ठाण्या-कळव्याकडचे लोक आजही अवघड जनावर घेऊन परळला जातात.

मारणं मात्र थांबलं नव्हतं. १९६०चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा हा देशातला या विषयाचा पाया आहे. जनावराला मारहाण, उपासमार, अंगाला इजा हे त्याच्या कलम ११ने गुन्हे ठरवले. पण त्याच कलमाच्या पोटात एक सूट आहे: भटकी कुत्री ‘मरणकोठडीत’ नष्ट करणं हा गुन्हा धरला जाणार नाही. कुत्र्याला लाथ मारली तर गुन्हा, यंत्रणेने मारून टाकलं तर नाही. आणि निवड करायची वेळ आली की आधी डोळ्यांत भरतं ते केस झडलेलं, खपल्यांनी भरलेलं जनावर. ज्याचा रोग उपचाराने बरा होऊ शकतो, तेच दिसायला सगळ्यात ‘गेलेलं’ दिसतं. लूत झालेल्या कुत्र्यांचं इतिहासातलं दुर्दैव मला यातच दिसतं.

मारून संख्या कमी होत नाही, एक गेलं की त्या जागेवर दुसरं येतं, हे चेन्नईच्या ब्लू क्रॉस या प्राणिमित्र संस्थेने १९६०च्या दशकापासून मांडलं होतं. १९९०च्या दशकात आधी काही शहरांनी आणि मग डिसेंबर २००१मध्ये केंद्राच्या नियमांनी मारण्याऐवजी नसबंदी आणि रेबीजची लस हा मार्ग धरला. दयामरण फक्त असाध्य आजाराने किंवा प्राणघातक जखमेने ग्रासलेल्या कुत्र्यांना, तेही पशुवैद्याने ठरवल्यावर. लूत असाध्य नाही. हे वाक्य नियमात लिहिलेलं नाही, पण ते खरं ठरलं एका औषधामुळे.

जपानमधल्या कितासातो संस्थेचे सातोशी ओमुरा जिथे जातील तिथली चिमूटभर माती गोळा करायचे. कावाना इथल्या एका गोल्फ मैदानाजवळच्या मातीत त्यांना एक जिवाणू मिळाला. अमेरिकेत मर्क कंपनीत विल्यम कॅम्पबेल यांच्या चमूने त्यातून परजीवींना मारणारं द्रव्य वेगळं केलं आणि १९८१मध्ये आयव्हरमेक्टिन जनावरांसाठी बाजारात आलं. त्याने माइटच्या नसा लुळ्या पडतात. ओमुरा आणि कॅम्पबेल यांना २०१५मध्ये नोबेल मिळालं. त्याआधी डॉक्टरांच्या हाती काय होतं? गंधक, बेंझिल बेंझोएट, आणि नंतर अमिट्राझची आंघोळ. आंघोळीसाठी केस कापायचे, सगळं अंग भिजवायचं, वर ते अंगावरच वाळू द्यायचं आणि ठरावीक दिवसांनी पुन्हा तेच. पाळलेल्या कुत्र्याला हे जमतं. रिक्षाखाली झोपणाऱ्या, हात लावू न देणाऱ्या कुत्रीला कोण घालणार अशी आंघोळ? आयव्हरमेक्टिनने पहिल्यांदा भटक्या कुत्र्याचा उपचार शक्य झाला.

पण ते जपून वापरायचं औषध आहे. बाजारात मिळणारं इंजेक्शन मुळात गुराढोरांच्या मापाचं असतं, कुत्र्याला लागणारी मात्रा अगदी थोडी. ‘अंदाजे’ दिलेल्या डोसने कुत्री लटपटत, आंधळी होत, बेशुद्ध पडताना पाहिली आहेत. कोली जातीच्या आणि काही शेफर्ड जातींच्या कुत्र्यांत एक जनुकीय दोष असतो. त्यांच्या मेंदूत हे औषध सहज शिरतं आणि नेहमीचा डोसही जीव घेऊ शकतो. हे कारण २००१मध्ये उलगडलं. रस्त्यावर सोडून दिलेली जातिवंत कुत्री आणि त्यांची मिश्र पिल्लं आता जागोजागी आहेत, त्यामुळे ‘ही तर गावठीच’ असं धरून चालत नाही. गेल्या दहा-बारा वर्षांत आयसॉक्साझोलिन गटाच्या चघळायच्या गोळ्या आल्या. त्या दोन्ही प्रकारच्या लुतीवर चालतात, उकडलेल्या अंड्यात किंवा चिकनच्या तुकड्यात घालून देता येतात, मात्र फिट्स येणाऱ्या कुत्र्याला देताना डॉक्टरांना विचारावंच लागतं. आणि एक विनंती: जळकं इंजिन ऑइल, रॉकेल, फिनेल लावू नका. पूर्वापार लावत आले म्हणून आजही गॅरेजवाले दयेपोटी लावतात. कुत्रं ते चाटतं, विष पोटात जातं, आणि सोललेल्या कातडीतूनही शोषलं जातं.

आता नवी मुंबई. १९७०मध्ये शहर वसवणारी सरकारी कंपनी सिडको आली, ९५ गावांच्या जमिनीवर नोड, म्हणजे आखीव वसाहती, उभे राहिले. गावठाणातली कुत्री घरापुढच्या अंगणाची होती. कुणी एक मालक नसला तरी आळी तिला ओळखायची. मग बांधकामं आली. मजुरांच्या झोपड्यांपाशी कुत्री जमतात, उरलंसुरलं खातात, राखण करतात. इमारत पुरी झाली की मजूर पुढच्या साइटवर जातात आणि कुत्री तिथेच राहतात. सोसायटीचं गेट लागतं आणि काल राखण करणारं जनावर आज घुसखोर ठरतं. खाणं तुटलं, पावसाळ्यात अंग ओलं राहिलं, पिल्लं झाली, की लूत उसळी घेते. आमच्या भागात मी हे घणसोलीपासून ऐरोलीपर्यंत पाहत आलो आहे.

२०१७च्या ऑगस्टमध्ये तळोजा औद्योगिक वसाहतीतली काही कुत्री निळी झाली. एका कारखान्यातला रंग कासाडी नदीत जात होता आणि कुत्री खाणं शोधायला त्या पाण्यात उतरत होती. फोटो जगभर गेले, प्रदूषण नियंत्रण मंडळाने कारखाना बंद करवला. वस्तीत काय बिघडलंय ते आधी कुत्र्याच्या कातडीवर दिसतं, हे त्या वेळी सगळ्यांना पटलं. लुतीचंही तेच आहे. फक्त ती निळी नसते, म्हणून तिचा फोटो कुणी काढत नाही.

आज औषध आहे, नियम आहेत. अडतं ते दुसऱ्या डोसाला. आयव्हरमेक्टिनने अंडी मरतीलच असं नाही. अंड्यातून निघून किडा पुन्हा अंडी घालायला साधारण तीन आठवडे पुरतात. म्हणून दोन आठवड्यांनी दुसरा डोस, बहुधा तिसराही, आणि सार्कोप्टिस असेल तर टोळीतल्या सगळ्या कुत्र्यांना. त्यासाठी कुत्रं त्याच जागी सापडायला हवं. नसबंदीनंतर उचलल्या जागीच सोडायचं, हा २००१पासूनचा आणि २०२३च्या नव्या नियमांत कायम राहिलेला दंडक लुतीच्या उपचारालाही आधार देतो. खाऊ घालण्याच्या ठरलेल्या जागा हे २०२३च्या नियमांतलं कलम वादाचं ठरलं आहे, पण औषध देणाऱ्यासाठी ती जागा म्हणजे दवाखानाच. २०२५च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली आणि आसपासच्या शहरांतली भटकी कुत्री निवाऱ्यांत ठेवण्याचा दिलेला आदेश काही दिवसांत बदलला आणि पिसाळलेली किंवा आक्रमक सोडून बाकीची कुत्री नसबंदी आणि लस देऊन परत सोडायला सांगितली. नोव्हेंबरमध्ये मात्र शाळा, रुग्णालयं, स्थानकं यांच्या आवारातली कुत्री हलवून निवाऱ्यात ठेवण्याचा आदेश आला. कुत्री निवाऱ्यात जाणार असतील तर माझी काळजी सरळ आहे. दाटीवाटीत सार्कोप्टिस वणव्यासारखा पसरतो. नवीन आलेल्या कुत्र्याला वेगळं ठेवायची खोली आणि खरवड तपासायला सूक्ष्मदर्शक, या दोन गोष्टी निवाऱ्याच्या नकाशात पहिल्या दिवसापासून हव्यात.

आमच्याकडे एक वही आहे. तिच्यात कुत्र्याचं नाव, रंग, नसबंदीनंतर कानाला मारलेली खाच कोणत्या बाजूला आहे, वजन, डॉक्टरांनी लिहून दिलेली मात्रा आणि तारखा असतात. तांबडीच्या ओळीत दोन तारखा भरल्या आहेत. पाठीवर बारीक लव उगवली आहे, कानांवर अजून नाही. तिसरा डोस रविवारी आहे. सकाळी सातच्या आधी, पहिली पाळी सुटायच्या आत, ती पुढून तिसऱ्या रिक्षाखाली असते.