जिवंत अवयवदान : रुग्णशिक्षणाचे सांस्कृतिक अनुकूलन

जिवंत दात्याचे मूत्रपिंड किंवा यकृताचा भाग रोपणासाठी घेण्यापूर्वी रुग्ण, संभाव्य दाता व घरची मंडळी यांना द्यावयाची माहिती त्यांची भाषा, नाती, श्रद्धा व निर्णयाची रीत यांना धरून रचण्याची पद्धती.

तिची पाळेमुळे मानसोपचार व सार्वजनिक आरोग्य या दोन्ही क्षेत्रांत दाखविली जातात. बेर्नाल, बोनिया व बेलिदो या संशोधकांनी १९९५ मध्ये हिस्पॅनिक (स्पॅनिशभाषक वंशाच्या) रुग्णांच्या मानसोपचारासंदर्भात भाषा, व्यक्ती, रूपके, आशय, संकल्पना, उद्दिष्टे, पद्धती व परिस्थिती ही आठ परिमाणे मांडली. सार्वजनिक आरोग्याचे संशोधक रेझ्निको व सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये दोनच स्तर मानले : भाषा, चित्रे, पेहराव हा बाह्य, नाती, धर्म, आजाराविषयीच्या समजुती हा खोल. अवयवदानापुरती दुसरी मांडणी अधिक उपयोगी दिसते. येथील घोळ बहुधा खोल स्तरावरचे असतात. शिकागोच्या नॉर्थवेस्टर्न रुग्णालयातील हिस्पॅनिक मूत्रपिंड प्रत्यारोपण कार्यक्रमात (२००६ पासून) स्पॅनिशभाषक चमू रुग्णासह कुटुंबाशीही बोलतो, तो याच जाणिवेतून.

भाषांतरित पत्रकाचा पुन्हा मूळ भाषेत अनुवाद (उलट अनुवाद) करून मूळाशी ताडण्याची रीत ब्रिस्लिन यांच्या १९७० मधील लेखाशी जोडली जाते. तीत शब्दांच्या चुका सापडतात, समजुतीच्या नाहीत. त्यासाठी ऐकलेले दात्याकडून त्याच्या शब्दांत वदवून घ्यावे लागते. यकृताचा उजवा खंड (सु. ६०%) काढल्यावर उरलेला भाग दोन-तीन महिन्यांत बराचसा वाढतो. दोन्ही अवयवांचे पत्रक एकच असले, तर किडनीही पुन्हा वाढते असा समज होतो. जोखीम टक्क्यांऐवजी माणसांत सांगावी : मूत्रपिंडदानानंतर ९० दिवसांत १०,००० दात्यांमागे सु. ३ मृत्यू (अमेरिकेतील १९९४–२००९ ची आकडेवारी), आयुष्यभरात मूत्रपिंड निकामी होण्याची शक्यता एका अमेरिकी अंदाजाप्रमाणे (२०१४) १०,००० दात्यांत ९०, तर तितक्याच निरोगी अदात्यांत १४. मूल होण्याचा विचार असलेल्या स्त्रीला गरोदरपणातील रक्तदाबाच्या विकारांविषयी (कॅनडातील २०१५ चा अभ्यास : दात्यांत ११%, इतरांत ५%) न विचारताही सांगावे. ‘जड उचलू नका’ एवढे पुरत नाही. सुमारे सहा आठवडे भरलेला हंडा, गॅस सिलिंडर, धान्याचे पोते उचलायचे नाही, असे सांगावे.

कुटुंबासह बैठक झाली, तरी दात्याची एकट्याने भेट आवश्यक असते व तीत नवरा, सासू वा दीर दुभाषी नसावा. दानास नकार देणाऱ्या दात्यास घरच्यांपुढे ‘वैद्यकीयदृष्ट्या अयोग्य’ असे मोघम कारण देऊन झाकावे का, याबाबत मतभेद आहेत. घरच्या दबावाचा विचार करता कारण न उघडता ‘दाता योग्य ठरला नाही’ इतकेच कळविणे बरे.

भारतात मानवी अवयव प्रत्यारोपण कायद्याने (१९९४, दुरुस्ती २०११) जवळचे नातेवाईक ठरविले आहेत : पती-पत्नी, आईवडील, मुले, भावंडे, आजी-आजोबा व नातवंडे. चुलतभाऊ, मेहुणा, सून यांत येत नाहीत. त्यांचे प्रकरण प्रत्यारोपणास मंजुरी देणाऱ्या प्राधिकार समितीकडे जाते. हे पहिल्याच भेटीत न सांगितल्यास तपासण्या उरकल्यावर अडचण उभी राहते. २०१४ च्या नियमांनुसार दाता स्त्री असल्यास तिची ओळख व स्वतंत्र संमती प्राप्तकर्त्याखेरीज अन्य व्यक्तीकडून पडताळली जाते.