पाणबुडी, शाळा आणि न्यू हेवनचा कौल

नोव्हेंबर २०२० मध्ये अमेरिका ट्रम्प की बायडन हे ठरवत होती, तेव्हा कनेटिकट राज्यातल्या न्यू हेवन शहराच्या मतपत्रिकेवर आणखी एक प्रश्न छापलेला होता. आरोग्याच्या आणि हवामानाच्या संकटांना तोंड द्यायचं तर लष्कराच्या अंदाजपत्रकातला पैसा शहरांकडे वळवावा का? दर पाचातले चारहून जास्त मतदार ‘हो’ म्हणाले. कायद्याने याचा परिणाम शून्य. आपल्याकडे बायकांनी ‘आडवी बाटली’ला पुरेशी मतं टाकली की दारूचं दुकान बंद होतं, न्यू हेवनच्या कौलाला तेवढंही बळ नव्हतं. लष्कराचा पैसा वॉशिंग्टनमध्ये मंजूर होतो, तिथे नगरपालिकेला कोण विचारतो? तरी हा प्रश्न विचारण्याची खोड तिथल्या गावांना जुनी आहे.

यामागचं गणित अमेरिकेला ऐकवलं ते एका माजी सेनापतीने. स्टालिन वारला त्याला जेमतेम सहा आठवडे झाले होते. १६ एप्रिल १९५३ रोजी राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर वृत्तपत्र संपादकांपुढे बोलायला उभे राहिले आणि त्यांनी सरळ भाव लावले: एका बॉम्बफेकी विमानाच्या पैशांत तीसहून जास्त शहरांत एकेक पक्की विटांची शाळा, एका विनाशिका युद्धनौकेच्या पैशांत आठ हजारांवर माणसांना घरं. (त्यांच्याच कारकिर्दीत अण्वस्त्रांचा साठा कित्येक पटींनी वाढला, ते सोडा.) पुढे ४ एप्रिल १९६७ला न्यूयॉर्कच्या रिव्हरसाइड चर्चमध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांनी व्हिएतनाम युद्धाला राक्षसी शोषनळी म्हटलं. गरिबी हटवण्यासाठी काढलेला पैसा आणि माणसं त्या नळीतून ओढली जात होती.

पण विमान आणि शाळा या तुलनेत आपलं गाव कुठे दिसत नाही. ते दिसू लागलं १९८०च्या दशकात. सॅन फ्रान्सिस्कोत १९७८ मध्ये ‘जॉब्ज विथ पीस’ नावाने लष्करी खर्चावर कौल घेतला गेला होता आणि ते लोण इतर शहरांत पसरत होतं. त्यात रेगन सरकारने शहरांच्या अनुदानांना कात्री लावली आणि लष्कराचा खर्च वाढवला. मॅसॅच्युसेट्समधल्या नॉर्थहॅम्प्टन या लहान गावात लोक विचारू लागले, या कपातीचा आमच्या गावाला नेमका फटका किती? उत्तर शोधायला ग्रेग स्पीटर यांनी १९८३ मध्ये ‘नॅशनल प्रायॉरिटीज प्रोजेक्ट’ सुरू केला. काम अगदी कारकुनी: केंद्राच्या अंदाजपत्रकातले आकडे घ्यायचे, गावाच्या मापाने कापायचे. तुमच्या गावाने लष्करासाठी इतका कर भरला. तेवढ्यात इतके शिक्षक, इतक्या मुलांना दवाखाना. इराक युद्ध सुरू झाल्यावर त्यांचा ‘युद्धाचा खर्च’ सांगणारा, सेकंदागणिक पळणारा मीटर इंटरनेटवर गाजला. माझ्या मते या चळवळीचा खरा शोध हाच. अब्जांचा आकडा कुणाच्या डोळ्यापुढे उभा राहत नाही, शाळेतल्या बाई राहतात.

शीतयुद्ध संपल्यावर ‘शांततेच्या लाभांशा’ची, म्हणजे लष्करावरचा वाचणारा पैसा लोकांच्या कामी लावण्याची, बरीच भाषा झाली आणि विरली. पुढची मोठी लाट २०११ची. बाल्टिमोरला जमलेल्या महापौर परिषदेने युद्धाचे डॉलर घरी आणा, असा ठराव केला. व्हिएतनामनंतर युद्धाविरुद्ध या परिषदेने तोंड उघडलं ते तेव्हाच. पुढच्याच वर्षी मॅसॅच्युसेट्समधल्या ९१ शहरांत आणि गावांत लष्करी खर्च कापून पैसा लोकांच्या गरजांकडे वळवा म्हणणारा ‘बजेट फॉर ऑल’चा प्रश्न मतपत्रिकेवर आला आणि चारातल्या तिघांनी पाठिंबा दिला. तिथे असा प्रश्न विधानसभेच्या एका मतदारसंघात न्यायला दोनशे सह्या पुरतात. थंडीवाऱ्यात दुकानाबाहेर पॅड घेऊन उभं राहणारी निवृत्त मंडळी, हे या चळवळीचं नेहमीचं दृश्य.

२०१७ मध्ये ट्रम्प यांनी लष्कराला ५४ अब्ज डॉलर वाढवून द्यायचा आणि ‘कम्युनिटी डेव्हलपमेंट ब्लॉक ग्रँट’ हे शहरांना मिळणारं केंद्राचं अनुदान पूर्ण बंद करायचा प्रस्ताव मांडला. फुटपाथ, ज्येष्ठांची केंद्रं, पडक्या घरांची डागडुजी या कामांना १९७४ पासून हाच पैसा. महापौर पुन्हा चवताळले. न्यू हेवनमध्ये तर खातेप्रमुखांना जाहीर सुनावणीला बोलावून विचारलं गेलं, लष्कराचा पैसा मिळाला तर तुमचं खातं काय करेल? वॉशिंग्टनमध्ये हा प्रश्न थेट मतदानाला आला जुलै २०२० मध्ये. लष्करी खर्चातले दहा टक्के कापायची दुरुस्ती कनिष्ठ सभागृहात ९३ विरुद्ध ३२४, सिनेटमध्ये २३ विरुद्ध ७७ अशी पडली.

कार्यकर्त्यांचा एक आकडा मात्र जपून वापरावा. ‘निम्मा पैसा लष्कराला’ हे खरं आहे, पण ते दरवर्षी मंजुरी लागणाऱ्या खर्चापुरतं. पेन्शन आणि मेडिकेअर (ज्येष्ठांचा सरकारी आरोग्यविमा) धरून सगळं अंदाजपत्रक घेतलं तर लष्कराचा वाटा सातव्या-आठव्या हिश्शावर येतो. हे न सांगता पत्रकं वाटली की समोरच्याला आयतं कोलीत मिळतं.

आकड्यांपेक्षा अवघड आहे पगाराची गोष्ट. कनेटिकटमध्ये ग्रोटनला अणुपाणबुड्या बनतात, स्ट्रॅटफर्डला हेलिकॉप्टर, ईस्ट हार्टफर्डला विमानांची इंजिनं. खुद्द न्यू हेवनमध्ये विंचेस्टर बंदुकांचा कारखाना होता. तो २००६ मध्ये बंद पडला आणि आसपासच्या वस्तीला ते दीर्घकाळ भोगावं लागलं. म्हणून इथले शांततावाले नुसतं ‘कापा’ म्हणत नाहीत, त्या कारखान्यांत दुसरं काय बनवायचं तेही सांगावं लागतं. त्यांच्या रेट्याने राज्याने २०१३ मध्ये कायदा करून एक आयोग नेमला. लष्करी कामावरचं अवलंबन कसं कमी करायचं, हा त्याचा विषय होता.

२०२५ मध्ये अमेरिकी काँग्रेसने लष्कराला सुमारे दीडशे अब्ज डॉलर जादा दिले आणि त्याच कायद्यात गरिबांच्या मेडिकेड या सरकारी आरोग्यविम्याला कात्री लावली. ग्रोटनचा कारखाना नव्या पाणबुड्यांसाठी हजारोंनी भरती करतो आहे. काही आठवडे फुकट वेल्डिंग शिकवून पक्की नोकरी लावून देणारी दुसरी जागा त्या किनाऱ्यावर शोधावी लागेल. न्यू हेवनहून तिथे जायला हायवेने तासभर लागतो.