समुद्रकिनाऱ्यासाठी मेटल डिटेक्टर : निवड आणि सराव

आमच्याकडे मेटल डिटेक्टर घेण्यास येणारे ग्राहक लातूर, नांदेड, परभणीकडून रात्रभर प्रवास करून कोकण गाठतात. यंत्र किनाऱ्यावर गेल्यावर शिकू असे म्हणणाऱ्याची निम्मी सहल बटणे दाबण्यातच संपते, म्हणून निवड आणि सराव दोन्ही घरीच उरकावेत.

निवडीचा मुख्य प्रश्न मिठाचा आहे. खारे पाणी वीजवाहक असल्याने ओली वाळू स्वतःच धातूसारखा प्रतिसाद देते. एकाच फ्रिक्वेन्सीवर चालणारे स्वस्त यंत्र कोरड्या वाळूत उत्तम चालते. परंतु लाटांजवळ नेताच ते किरकिरू लागते आणि ते शांत करण्यासाठी सेन्सिटिव्हिटी (यंत्राची संवेदनक्षमता) उतरवली की शोधाची खोलीही घटते. मायनलॅबचे इक्विनॉक्स किंवा नोक्ताचे लेजंड यांसारखी एकाच वेळी अनेक फ्रिक्वेन्सी वापरणारी यंत्रे हा खारा गोंगाट बऱ्याच अंशी वेगळा काढतात. किनाराच डोळ्यांसमोर असेल तर थोडे थांबून, पैसे साठवून असेच यंत्र घ्यावे, असे आमचे मत आहे, जरी त्यात आमची आजची विक्री बुडत असली तरी. पल्स इंडक्शन यंत्र, म्हणजे जमिनीत चुंबकीय ठोके सोडून त्यांचा प्रतिसाद ऐकणारे यंत्र, रत्नागिरीकडील इल्मेनाइट या लोहयुक्त खनिजाच्या काळ्या वाळूतही खोलवरचे सांगते, मात्र खिळा आणि अंगठी यांत ते फारसा भेद करीत नाही. केवळ कॉइल (दांड्याच्या टोकाची शोधणारी चकती) जलरोधक आहे की संपूर्ण यंत्र, हे कोणत्याही प्रकारात विचारून घ्यावे.

सरावासाठी आपली काळी माती उत्तम आहे, कारण बेसाल्टपासून बनलेल्या या मातीत लोहखनिज भरपूर असते आणि ग्राउंड बॅलन्स, म्हणजे मातीचा स्वतःचा प्रतिसाद वगळण्याची जुळणी, नीट केल्याशिवाय यंत्र स्वस्थ बसत नाही. अंगणात पिवळे पाच रुपयांचे नाणे, बाटलीचे झाकण, चॉकलेटची चांदी (ॲल्युमिनियमचा चकचकीत कागद) आणि एखादी अंगठी पाच ते पंधरा सेंटिमीटर खोलीवर पुरून प्रत्येकाचा आवाज कानात बसवावा. सध्याची एक-दोन रुपयांची पोलादी नाणी चुंबकाला चिकटतात, त्यामुळे ती लोखंडासारखी बोलू शकतात. सोन्याची लहान अंगठी आणि चॉकलेटचा तो कागद यांचे यंत्राच्या पडद्यावरील आकडे बरेचदा जवळजवळ येतात. म्हणून कचरा टाळण्यासाठी डिस्क्रिमिनेशन (नको त्या धातूंचे संकेत गाळण्याची सोय) वाढविणारा सोनेही टाळतो. कॉइल जमिनीलगत, सपाट आणि सावकाश फिरवावी, टोकाला उचलू नये.

हा सराव पैठण, तेर, भोकरदन येथील प्राचीन स्थळांवर किंवा कोणत्याही गावच्या पांढरीवर, म्हणजे जुन्या वस्तीच्या टेकाडावर, करू नये. 1878 च्या निखात निधी कायद्यानुसार जमिनीत दडलेली, दहा रुपयांहून अधिक मोलाची वस्तू सापडल्यास ती जिल्हाधिकाऱ्यांना कळविणे बंधनकारक आहे. किनाऱ्यावर कोणाची हरवलेली अंगठी सापडली तर ती पोलीस ठाण्यात द्यावी.

वेळ ओहोटीची निवडावी. तिथीची पाऊणपट केली की भरतीचा ठोकळ तास मिळतो, ही कोकणातली जुनी रीत आहे; अष्टमीला सहाच्या सुमारास भरती, म्हणजे बाराच्या सुमारास ओहोटी. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात पाणी सर्वांत दूर हटते, तथापि भरती-ओहोटीचे छापील वेळापत्रक पाहूनच निघावे. ओहोटीच्या दोन तास आधी पाण्यामागोमाग उतरावे, पाणी फिरताच परतावे, खणलेला प्रत्येक खड्डा बुजवावा आणि मुक्कामी पोहोचताच कॉइल व दांडा गोड्या पाण्याने धुऊन, पुसून, सावलीत वाळवून ठेवावा.