ती मिशी, तो परकर

आमच्या मजल्यावर कोलकात्याहून एक जोडपं राहायला आलंय. दोघांनाही मराठी शिकायची हौस. त्यातली ती एका विमा कंपनीत आहे, रोज कांजूरमार्गहून लोकलने फोर्टला जाते आणि डब्यात कानावर पडलेलं मराठी संध्याकाळी माझ्याकडे तपासून घेते. सुरुवात 'माझा भाजी जळला' इथून होती. बंगालीत नामांना लिंग नसतं. 'तो' आणि 'ती' या दोघांनाही 'शे' हा एकच शब्द. त्यामुळे मराठी शिकणं म्हणजे तिच्या लेखी घरातल्या प्रत्येक खुर्ची-टेबलाची जन्मपत्रिका पाठ करणं. एकदा वही पुढे सरकवून तिने विचारलं, "मिशी स्त्रीलिंगी कशी काय? दाढीसुद्धा? आणि परकर पुल्लिंगी?"

मला उत्तर सुचलं नाही. तू रोज जातेस तो लेडीज डबाही पुल्लिंगीच आहे, एवढंच तोंडून निघालं. तिच्या वहीत आणखी एक ओळ वाढली.

हा प्रश्न पडणारी ती पहिली नव्हे. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात पतंजलीने महाभाष्यात याचा चांगला कीस पाडला आहे. पाणिनीच्या 'स्त्रियाम्' या सूत्रावर लिहिताना तो आधी लोकांची समजूत मांडतो : स्तन आणि केस असतील ती स्त्री, अंगावर लव असेल तो पुरुष, यांपैकी काहीच नसेल ते नपुंसक. मग स्वतःच ती मोडीत काढतो. संस्कृतात खाट म्हणजे 'खट्वा' स्त्रीलिंगी आणि 'वृक्ष' पुल्लिंगी. तिथे कुठे दिसतात ही लक्षणं? बायकोला संस्कृतात बरेच शब्द आहेत, त्यांतले तीन पाहा : 'भार्या' स्त्रीलिंगी, 'कलत्र' नपुंसकलिंगी आणि 'दार' चक्क पुल्लिंगी, तेही अनेकवचनी. बाई एकच, शब्द बदलला की लिंग बदललं. पतंजलीचं म्हणणं असं, की 'लिङ्गमशिष्यं लोकाश्रयत्वात्'. लिंग हे नियम करून शिकवण्याजोगं नाही, ते लोकांच्या बोलण्यावर अवलंबून आहे. शेजारणीला हे सांगितल्यावर तिला भलतंच समाधान वाटलं.

मराठीतही तेच. तो देह, ती काया, ते शरीर. तो ग्रंथ, ती पोथी, ते पुस्तक. आणि जुन्या पिढीतले पुरुष 'आमचं कुटुंब माहेरी गेलंय' म्हणत तेव्हा ते 'कुटुंब' म्हणजे एकटी बायकोच असे.

गोंधळाचं मूळ 'लिंग' या शब्दाच्या आजच्या अर्थात आहे. तो कानावर पडला की आपल्याला शरीर आठवतं. पण मुळात लिंग म्हणजे खूण, चिन्ह. न्यायशास्त्रात डोंगरावरचा धूर हे अग्नीचं लिंग. धूर दिसला, त्यावरून न दिसणारा अग्नी ओळखायचा. व्याकरणातलं लिंगही असंच धुरासारखं आहे. 'मिशी' या शब्दाकडे नुसतं टक लावून पाहिलं तर काही कळत नाही. 'पांढरी मिशी वाढली' म्हटलं की 'पांढरी' आणि 'वाढली' यांवर खूण उमटते आणि आपल्याला कळतं, हा शब्द त्या गटातला. चार्ल्स हॉकेट या अमेरिकी भाषावैज्ञानिकाने १९५८मध्ये केलेली व्याख्या याच वळणाची आहे : सोबतच्या शब्दांच्या वागण्यात ज्यांचं प्रतिबिंब पडतं असे नामांचे वर्ग म्हणजे लिंग. यात बाई-पुरुष कुठेच नाहीत. इंग्रजीतला 'जेंडर'ही लॅटिन 'जीनस'वरून आला, आणि त्याचा अर्थ नुसता 'प्रकार'.

सगळ्या भाषांना हा पसारा लागतो असंही नाही. ग्रेव्हिल कॉर्बेट या भाषावैज्ञानिकाने जगभरातल्या २५७ भाषा तपासल्या, त्यांतल्या १४५ भाषांत लिंगव्यवस्थाच नव्हती. तीन लिंगांच्या भाषा फक्त २६. मराठी, गुजराती, कोकणी या घरातल्या. हिंदीने नपुंसकलिंग टाकून दिलं, बंगालीने सगळंच टाकलं. म्हणून मुंबईच्या एकाच टपरीवर मराठी गिऱ्हाइकाचा चहा 'झाला' आणि हिंदी गिऱ्हाइकाची चाय 'हो गई'. आवाज मराठीत पुल्लिंगी, हिंदीत स्त्रीलिंगी. देवता मराठीत स्त्रीलिंगी, हिंदीत पुल्लिंगी.

बाहेरून आलेल्या शब्दांचं काय होतं हे पाहायला मुंबईसारखी जागा नाही. बस, टॅक्सी, लोकल, मेट्रो सगळ्या स्त्रीलिंगी, कारण मनात आधीपासून 'गाडी' बसलेली. ट्रक आणि टेम्पो मात्र पुल्लिंगी. 'ते पेन' की 'तो पेन', 'तो ईमेल' की 'ती ईमेल' यावर ऑफिसांत अजून एकमत नाही, आणि व्हायची घाईही कुणाला दिसत नाही.

आकाराचाही एक धागा आहे. डबा मोठा, डबी छोटी, आणि जुनंपानं पोचे आलेलं ते डबडं. सुरा-सुरी, गाडा-गाडी तसेच. विळा शेतात, विळी स्वयंपाकघरात. इथे आकारासोबत कामाची वाटणीही आत शिरलेली दिसते. मोठं ते पुल्लिंगी, असा नियम बांधायचा मोह होतो. पण मग 'दोरा' आडवा येतो. दोरा बारीक, दोरी त्याहून जाड.

मला सर्वांत गोड वाटतं ते आपलं नपुंसकलिंग. नावात बदनाम, कारण 'नपुंसक' ही शिवी झाली आहे. पण बाळ, लेकरू, वासरू, कोकरू, पिल्लू हे सगळे जीव लावायचे शब्द याच गोटातले. चिडल्यावर तोंडात येणारं 'कार्टं' आणि 'येडं' हेही इथलेच. माया आणि तुच्छता एकाच खणात ठेवलेल्या. लालबाग-परळच्या मालवणी घरांत मुलीला 'चेडू' म्हणतात, तो शब्दही नपुंसकलिंगी. कोकणीत तर तरुण मुलीबद्दल बोलताना सर्रास नपुंसकलिंगी रूपं येतात. त्यात लाड किती आणि 'अजून मोठी झाली नाही' हा भाव किती, हे ज्या त्या घरात विचारावं. शिवाय बायका आणि पुरुष एकत्र आले की मराठीत हेच लिंग मदतीला येतं : पुरुष असले तर दोघे आले, बायका असल्या तर दोघी आल्या, नवरा-बायको असली तर दोघं आली. हिंदीत अशा वेळी पुल्लिंग घुसतं.

या खुणांचा उपयोग तरी काय? एक उपयोग गर्दीत कळतो. लोकलच्या खडखडाटात कुणी ओरडलं, 'अगं, माझी निळी...' आणि पुढचा शब्द हवेत विरला, तरी छत्री, पिशवी, ओढणी असं काहीतरी असणार हे ऐकणारीला कळतं. डबा आणि पाकीट आपोआप बाद. कॅसी लू-विल्यम्स आणि ॲन फर्नाल्ड यांनी २००७मध्ये स्पॅनिश शिकणाऱ्या साधारण तीन वर्षांच्या मुलांची नजर टिपून हेच दाखवलं. नामाआधीच्या उपपदाचं (इंग्रजीतल्या 'द'सारख्या शब्दाचं) लिंग ऐकूनच मुलं योग्य चित्राकडे लवकर वळत. भाषेत पुनरुक्ती असते ती अशा वेळी कामी येते.

आता नाजूक प्रश्न : व्याकरणातलं लिंग डोक्यात शिरतं का? एक गोष्ट फार ऐकवली जाते. जर्मनमध्ये किल्ली पुल्लिंगी, म्हणून जर्मन माणसं तिला 'कठीण, जड' म्हणतात. स्पॅनिशमध्ये स्त्रीलिंगी, म्हणून तिथले लोक 'नाजूक, चकचकीत' म्हणतात. लेरा बोरोडित्स्की आणि सहकाऱ्यांनी २००३मध्ये हे सांगितलं आणि ते जगभर पसरलं. २०१४मध्ये दुसऱ्या संशोधकांनी तोच प्रयोग पुन्हा करून पाहिला, तेव्हा तो परिणाम सापडला नाही. त्यामुळे किल्लीची गोष्ट मी आता कुणाला सांगत नाही. मिशी स्त्रीलिंगी आहे म्हणून आजवर कुणाच्या मिशीचा पीळ कमी झालेला नाही.

शब्द माणसांबद्दलचा असला की मात्र चित्र पालटतं. पास्कल गिगॅक्स आणि सहकाऱ्यांनी २००८मध्ये फ्रेंच आणि जर्मन वाचकांना 'समाजसेवक', 'संगीतकार' अशा अनेकवचनी पुल्लिंगी शब्दांची वाक्यं दिली. ही रूपं सगळ्यांसाठी आहेत असं व्याकरण म्हणतं, वाचकांच्या डोळ्यांसमोर मात्र पुरुष आले, तो पेशा बायकांचा समजला जात असला तरीही. इंग्रजीत, जिथे नामाला लिंग नाही, तिथे वाचक पेशाबद्दलच्या समजुतीप्रमाणे गेले. 'सर्व विद्यार्थ्यांनी पालकांसह यावे' या आपल्या नोटिशीवर असा प्रयोग करायला हवा.

मराठीने या बाबतीत आपल्या सवयी लपवलेल्या नाहीत. पाटलीण म्हणजे पाटलाची बायको, मास्तरीण म्हणजे बहुतेकदा मास्तरांची. शिकवणारी आली तेव्हा तिला 'शिक्षिका' हा वेगळा शब्द द्यावा लागला. कोळीण मात्र स्वतःच्या जिवावर उभी आहे. मासे पकडतो कोळी, पण बाजारात भाव ठरतो तिच्या तोंडी. 'सवाष्ण'ला पुल्लिंगी जोडीदारच नाही. बायको हयात असलेल्या पुरुषाला वेगळं नाव द्यावं असं कुणाला वाटलं नाही.

समाजशास्त्रातला 'जेंडर' हा शब्द व्याकरणाकडूनच उसना घेतला आहे. जॉन मनी या मानसशास्त्रज्ञाने १९५५मध्ये 'जेंडर रोल' ही संज्ञा वापरात आणली. (त्यांची पुढची कारकीर्द फार वादग्रस्त ठरली, पण शब्द टिकला.) शरीर एक आणि त्या शरीराकडून समाजाच्या अपेक्षा वेगळ्या, हा फरक दाखवायला शब्द हवा होता. मराठीत आपण 'लिंगभाव' म्हणतो. मला हा शब्द जेंडरहून सरस वाटतो : खूण आणि त्या खुणेवर लोकांनी चढवलेला भाव. दादरमध्ये ऑगस्ट २०२०पासून पादचाऱ्यांच्या सिग्नलवर बाईची आकृती दिसते. ती बाई आहे हे कळावं म्हणून तिला घेरदार फ्रॉक दिला आहे. त्या सिग्नलखालून रस्ता ओलांडणाऱ्या बायकांत असा फ्रॉक घातलेली क्वचितच दिसते, पण वाचता येते ती खूण तीच. धूर पुन्हा.

मराठीत सर्वांत ठळक खूण असते ती क्रियापदावर. 'मी जातो', 'मी जाते'. तोंड उघडलं की लिंग कळलं. कोल्हापूरकडच्या मुली बिनदिक्कत 'मी येतो' म्हणतात आणि पुण्या-मुंबईत आल्यावर त्यावरून चिडवून घेतात, तो भाग वेगळा. पण वाटा अनेक आहेत. 'मी येईन' यात लिंग नाही. 'मला जायचंय', 'मी पत्र लिहिलं' यांतही नाही. दुसऱ्या वाक्यात क्रियापद पत्रामागे जातं. 'आम्ही आलो' पुरुषांनी म्हणावं, बायकांनीही म्हणावं. 'तुम्ही आलात' कुणालाही चालतं. हा लेख तुम्ही इथवर वाचलात, तो लिहिणारी व्यक्ती बाई आहे की पुरुष हे कळलं का? ('व्यक्ती' स्त्रीलिंगीच असते, तिच्यावर जाऊ नका.) शेजारणीला हे कळल्यापासून ती दार वाजवून एकटीच 'आम्ही आलो' म्हणते.

काहींसाठी ही गंमत नसते. किरा हॉल आणि व्हेरोनिका ओ'डोनोव्हन यांनी बनारसच्या हिंदीभाषक हिजड्यांचं बोलणं अभ्यासून १९९६मध्ये लिहिलं, की ते प्रसंगानुसार पुल्लिंगी आणि स्त्रीलिंगी क्रियापदं बदलतात; आपसातल्या जवळिकीत एक, जोर दाखवायचा तेव्हा दुसरं. 'मी आलो'वरून 'मी आले'वर येणं हे घरच्यांसमोर उच्चारलेलं एक अक्षर असतं, आणि कित्येकांना त्याला वर्षं लागतात. १५ एप्रिल २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तृतीयपंथीयांची ओळख मान्य केली, अर्जांवरच्या 'लिंग' या रकान्यात तिसरा पर्याय आला. वाक्यात अजून तिसरं क्रियापद नाही. नपुंसकलिंगी रूप माणसाला लावलं तर ते मान्यतेऐवजी हिणवणं ठरेल.

मध्यंतरी एका सरकारी खिडकीसमोर मला बराच वेळ थांबावं लागलं. पुढे एक तृतीयपंथी व्यक्ती होती. आतल्या कारकुनाने कागद चाळले, म्हणाला, "तुम्ही झेरॉक्स आणलीत ना? मग तुमचं काम झालं." मग मान वळवून शेजारच्या टेबलाला, "यांचा तेवढा शिक्का मारून दे." झेरॉक्स स्त्रीलिंगी, काम नपुंसकलिंगी, शिक्का पुल्लिंगी. समोरच्या माणसाचं लिंग कुठेच आलं नव्हतं.