रेल्वेतील जैव-शौचालय

प्रवासी डब्याखाली बसविलेल्या बंद टाकीत मलमूत्राचे जीवाणूंकरवी विघटन घडवून आणणारी शौचालय-व्यवस्था. भारतीय रेल्वेच्या डब्यांत पूर्वी शौचालयाचा नळ थेट रुळांवर उघडत असे. गाडी स्थानकात उभी असताना शौचालय वापरू नये, ही परिचित सूचना त्याच काळातील.

डब्यांत शौचालये केव्हा आली याविषयी एकमत नाही. पहिल्या वर्गाला ती एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मिळाली असावीत. खालच्या वर्गांबाबत ओखिलचंद्र सेन या प्रवाशाच्या १९०९ मधील पत्राचा दाखला हटकून दिला जातो. फणस खाऊन पोट बिघडलेले सेन बंगालमधील अहमदपूर स्थानकावर शौचास गेले असता गाडी सुटली. त्याची तक्रार त्यांनी साहिबगंजच्या विभागीय कार्यालयाकडे केली. या पत्रामुळेच सोय झाली, हे मत लोकप्रिय आहे. मात्र काही नोंदींत खालच्या वर्गांसाठी १९०७ च्या सुमाराचा काळ येतो. तेव्हा एका पत्राचा परिणाम मानण्यापेक्षा, लांब पल्ल्याच्या प्रवासाबरोबर सोय क्रमाक्रमाने पसरली, असे म्हणणे अधिक सयुक्तिक ठरते.

उघड्या शौचालयांमुळे रूळ आणि ते जखडणाऱ्या क्लिपा गंजत. त्याहून गंभीर बाब म्हणजे गँगमन आणि सफाई कामगारांना त्या घाणीत काम करावे लागे. अणुशास्त्रज्ञ अनिल काकोडकर यांच्या अध्यक्षतेखालील रेल्वे सुरक्षा समितीनेही २०१२ च्या अहवालात ही पद्धत बंद करण्याचा आग्रह धरला. तत्पूर्वी गाडीने ताशी ३० किमी. वेग गाठल्यावरच मैला खाली सोडणारी यंत्रणा काही डब्यांत आली होती; तिने स्थानके स्वच्छ राहिली, रूळ नाहीत.

संरक्षण संशोधन व विकास संस्थेच्या (डीआरडीओ) ग्वाल्हेर येथील प्रयोगशाळेने मुळात हिमप्रदेशातील सैन्यासाठी विकसित केलेले तंत्र रेल्वेने स्वीकारले. २०११ मध्ये बुंदेलखंड एक्सप्रेसपासून त्याचा वापर सुरू झाला. पोलादी टाकीत पडद्यांनी कप्पे केलेले असतात. त्यांत सुरुवातीला जीवाणूंचे विरजण घालतात. प्राणवायूविना वाढणारे हे जीवाणू मैल्यातील घन पदार्थ विरघळवितात, त्यांची सेंद्रिय अम्ले करतात आणि अखेरीस मिथेन व कार्बन डायऑक्साइड वायू तयार होतात. उरलेले पाणी क्लोरीन मिसळून बाहेर सोडले जाते. विरजणातील काही जीवाणू अंटार्क्टिकातून आणलेले असल्याचे सांगितले जाते. टीकाकारांच्या मते मिथेन बनविणारे असे जीवाणू शेणातही विपुल असतात, त्यामुळे मूळस्थानाला फारसे महत्त्व नाही. भारतातील उष्ण हवामान पाहता दुसऱ्या मतात तथ्य दिसते. टाकीत मैला किती वेळ टिकतो, हा प्रश्न अधिक निर्णायक आहे.

बिघाडाचे मुख्य कारण जीवाणू नसून टाकीत पडणाऱ्या वस्तू होत. पाण्याची बाटली, गुटख्याची पुडी, सॅनिटरी पॅड किंवा डायपर नळीच्या वळणात अडकला की भांडे तुंबते आणि कामगाराला तो हाताने काढावा लागतो. म्हणूनच शौचालयात कचऱ्याचा डबा ठेवतात आणि तो वापरणे आवश्यक आहे. यार्डातील पिट लाइनवर (डब्यांच्या तळाची तपासणी करता यावी म्हणून खाली खड्डा असलेल्या रुळांवर) झडप, नळी व टाकी तपासतात. विघटन मंदावल्यास विरजण पुन्हा घालतात. नियंत्रक व महालेखापरीक्षकांच्या २०१७ मधील अहवालाने सुमारे २५ हजार शौचालयांत जवळपास २ लाख दोष नोंदविले होते. त्यानंतर काही डब्यांत मैला हवेच्या ओढीने खेचून घेणारी व कमी पाण्यावर चालणारी निर्वात शौचालये याच टाकीला जोडण्यात आली.